वीस ओळींचं चित्र

घाबरट माणसाच्या भीतीची एक गंमत असते. ती कुणी फारशी मनावर घेत नाही, आणि तो माणूस स्वतः तर मुळीच घेत नाही. दिपिकाचं तसंच होतं. एम.एस्सी. झालेली, रोह्याजवळ धाटावला एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरीला. आणि घरी अकरा महिन्यांची किमया झोपली की दिवसातून चार वेळा तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघणारी. त्यामुळे त्या आठवड्यात पहिल्यांदा शंका चाटून गेली तेव्हा ती स्वतःलाच म्हणाली, "झालं तुझं सुरू!"

सत्त्याण्णव सालचा मार्च महिना. शिमगा जवळ आला होता. सोमवारी सकाळी ती अष्टमी गावातल्या घरातून निघाली, पूल ओलांडून रोह्यात आली आणि सहा जणांच्या टमटममध्ये दहावी म्हणून बसली. रोजचंच. मांडीवरच्या पर्समध्ये डबा होता, आणि डायरीच्या पानात कागदाची एक पुडी. पुडीत एक केस.

तो केस किमयाच्या जावळातला होता.

जावळ महिन्यापूर्वी पेणला निघालं, दिपिकाच्या माहेरी, मामाच्या मांडीवर. सासूबाई, कृष्णाबाई, मुद्दाम अष्टमीहून आल्या होत्या. वस्तरा चालत होता आणि त्यांनी खाली पदर धरला होता. "येक पन केस मागं ऱ्हाता नये गो. सगला पाण्यात जायाला हवा." मग भोगावतीच्या पात्रात त्यांनी पदर झटकला, उलटा करून पुन्हा झटकला. दिपिकाच्या बाहीला मात्र एक केस चिकटून राहिला होता. तांबूस, रेशमासारखा, बोटभर लांब. तो तिने उचलला आणि ठेवला. आई होती ती. त्यात काय एवढं?

पण तो कारखान्यात न्यायचं कारण दुसरं होतं.

कारखान्यात दोन महिन्यांपूर्वी परदेशातून खोक्यांतून एक यंत्र आलं होतं. सूक्ष्मदर्शकच, पण लेसर जोडलेला. वस्तूवर हिरव्या उजेडाचा एक बारीक ठिपका टाकायचा. बहुतेक उजेड गेला तसाच परत येतो. कोट्यवधीत एखादा किरण रंग बदलून येतो, आणि तो बदललेला रंग सांगतो की वस्तू कशाची बनली आहे. हा रामन परिणाम. या यंत्रात आणखी एक खुबी होती. परतीच्या वाटेवर सुईच्या अग्राहून बारीक भोक होतं आणि त्यातून फक्त ठरवलेल्या खोलीवरचाच उजेड पुढे जाई. म्हणजे वस्तू न कापता तिच्या आत, थराखाली थर, उतरता येई. ठिपक्याशेजारी ठिपका, ओळीखाली ओळ, असं चित्र भरत जाई.

फक्त ते चित्र यायचं रवाळ. ठिपकेच ठिपके, वस्तू कुठली आणि कचरा कुठला ते कळू नये असं.

"मॅडम, एवढ्या लाखांचं यंत्र काय शिरा बघायला आणलं?" प्रयोगशाळेचे प्रमुख हैबतराव म्हणाले. "गुरुवारी हेड ऑफिसची माणसं येतायत. त्यांना एक स्वच्छ चित्र दाखवा. कशाचंही दाखवा."

यंत्राच्या पुस्तकात लिहिलं होतं की खोलीची परीक्षा घ्यायला माणसाचा केस उत्तम. दिपिकाचा स्वतःचा केस काळाभोर. ठिपका पडताच तो करपला. प्रयोगशाळेतला हेल्पर नाथा, पन्नाशी उलटलेला, मदतीला धावला. "माजे घ्या बाई. फुकट हायत." पण नाथाच्या पांढऱ्या केसांना बायकोने मेंदी फासली होती, आणि मेंदी लेसरखाली अशी चकाकली की बाकी काही दिसेना.

"म्हातारपणी नटायला गेलो, ते पन कामाला नाय आला," नाथा म्हणाला.

फिका, कोवळा, कसलाही रंग न लागलेला केस हवा होता. तो दिपिकाच्या डायरीत होता.

यंत्राची खोली दिवसाढवळ्या अंधारी असे. खिडक्यांना काळा कागद, दाराला काळा पडदा, बाहेर लाल दिवा. आत ए.सी.चा थंड, शिळा वास आणि पंख्याची घरघर. भर दुपारीसुद्धा आत गेलं की बाहेर जग आहे हे विसरायला होई. सोमवारी दिपिकाने तो केस स्पिरिटने पुसून काचपट्टीवर ठेवला. चित्र आलं, पण रवाळच. मग तिने पाण्यात बुडवून वापरायचं भिंग लावलं आणि केसावर पाण्याचा एक थेंब सोडला. चित्र थोडं निवळलं. ती खूश झाली.

संध्याकाळी घरी आली तर कृष्णाबाई किमयाची टाळू पदराने टिपत बसल्या होत्या.

"काय झालं आई?"

"काय म्हाइत. दुपारधरनं डोकं ओलं होतंय. पुसला का परत ओला. घाम म्हनावा तर बाकी आंग कोरडा."

दिपिकाने हात लावला. टाळूवर रुपयाएवढी एक जागा ओलसर होती. गार होती. घाम गार नसतो, असं तिच्या मनात आलं. मग तिने पंखा कमी केला आणि विषय संपवला.

मंगळवारी तिला चित्र बिघडण्याचं आणखी एक कारण सापडलं. केस हलत होता. खालच्या मजल्यावरच्या कॉम्प्रेसरमुळे असेल, पाण्यामुळे असेल, पण ठिपका एकीकडे आणि केस भलतीकडे. तिने केसाची दोन्ही टोकं चिकटपट्टीने घट्ट दाबली, वर पातळ काच ठेवली, काचेच्या कडा बंद केल्या. आता तो हलणं शक्य नव्हतं. चित्र इतकं सुधारलं की नाथासुद्धा म्हणाला, "आता केस वाटतोय खरा."

त्या संध्याकाळी किमया हसली नाही. आई आली की घरभर रांगणारी पोर पाळण्यात एका कुशीवर पडून होती. हात हलत होते, पाय हलत होते, डोळे आईच्या मागे फिरत होते. फक्त मान हलत नव्हती.

डॉक्टर म्हणाले, मान अवघडली आहे, शेक द्या. दिपिकाचा नवरा विशाल डोलवीच्या कंपनीत सेकंड शिफ्ट करून आला आणि म्हणाला, "तू आधी घाबरू नकोस. तुझं बघून ती घाबरते." दिपिकाला ते पटलं. स्वतःच्या विरुद्ध कुणी काही बोललं की तिला लगेच पटायचं.

बुधवारी तिला खरं तर रजा हवी होती. पण एकच मोठं चित्र घ्यायचं राहिलं होतं. ते एकदा सुरू केलं की यंत्र आपलं आपण पुरं करी. सुरू करून अर्ध्या दिवसाने घरी जावं, असं तिने ठरवलं.

वीस ओळी, दर ओळीत वीस ठिपके. दर ठिपक्यावर लेसर दहा सेकंद थांबणार. जितका जास्त थांबेल तितकं चित्र स्वच्छ. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीहून दोन मायक्रॉन खोल. वरच्या सालीपासून निघून चित्र केसाच्या गाभ्यात जाऊन संपणार. सगळा मिळून सव्वा तासाच्या आतला खेळ. त्याआधी एक शेवटची सुधारणा. केसाची स्वतःची जी धुरकट चमक असते ती जाळून टाकावी लागते. त्यासाठी तिने लेसर पूर्ण जोरावर, एकाच जागी, पाच मिनिटं धरून ठेवला. मग जोर कमी केला आणि बारा पन्नासला बटण दाबलं. यंत्र बोललं, टक. दहा सेकंद शांत. पुन्हा टक. तिने नाथाला बजावलं, लाल दिवा असेपर्यंत दार उघडायचं नाही, आणि ती निघाली.

पुलावर टमटम अडकली. घरी पोचायला सव्वा वाजला.

दारातच कृष्णाबाई उभ्या होत्या. मघाशी पोरीने एक किंकाळी फोडली, एवढंच म्हणाल्या, आणि तेव्हापासून आवाज नाही.

किमया पाळण्यात होती. जागी. मान तशीच एका बाजूला. महिन्याभरात डोक्यावर मखमलीसारखी लव आली होती, आणि त्या लवेत, टाळूच्या जरा मागे, लाल ठिपके होते.

"ढेकूण चावलं का काय…" कृष्णाबाई कुजबुजल्या. "पन ढेकूण असा रांगेत चावतो गो?"

ठिपके ओळीत होते. एका खाली एक, पट्टीने आखावेत तसे. वरची ओळ फिकट गुलाबी. तिच्या खालची जरा लाल. त्याखालची आणखी लाल. दिपिकाने मोजल्या. सात ओळी. दर ओळीत वीस. आठव्या ओळीत सहा.

ती बघत असताना किमयाच्या पापण्या थरथरल्या आणि सहाव्याशेजारी, रिकाम्या कातडीवर, सातवा ठिपका उमटला.

तिला वाटलं, डोळे… आपले डोळे. एक, दोन, तीन, तिचं मन आपोआप मोजायला लागलं. नऊ, दहा… पापण्या थरथरल्या. आठवा.

तिला तो टक ऐकू आला. सहा किलोमीटरवरचा.

"आई," ती म्हणाली, "मी एक केस ठेवला होता. जावळातला."

कृष्णाबाई काही ओरडल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "कुठं हाय तो आता?"

"कंपनीत… यंत्राखाली."

"आनि त्या काय करतंय, यंत्र?"

"आत उतरतंय," दिपिका म्हणाली. "ओळी-ओळीने आत."

फोन शेजारच्या अनीसाभाभींकडे होता. त्यांचा नवरा अस्लम मस्कतला असल्याने आळीतला पहिला फोन त्यांच्या घरी आला होता. दोन घरांमध्ये एकच भिंत आणि मागच्या अंगणात एकच दार. दिपिका धावली. मागोमाग अनीसाभाभी काय झालं ते बघायला पाळण्याशी आल्या, आणि एकदा बघून त्या ओळी मोजू लागल्या. मागच्या दारात उभ्या राहून त्या मोठ्याने सांगत राहिल्या.

"नववी लागली गो, दिपिका!"

कंपनीचा नंबर एंगेज. पुन्हा एंगेज. ऑपरेटरने उचलला, प्रयोगशाळेला जोडला. वाजत राहिला… वाजत राहिला…

"धावी! आनि या ठिपक्यांना रगत येतंय!"

"हॅलो?" नाथाचा आवाज.

"नाथा, मी दिपिका. यंत्र बंद कर. आत्ता."

"बाई, लाल दिवा हाय."

"असू दे! आत जा आणि…"

"तुमीच सांगितलात, दिवा आसला की दार उघडायचा नाय. डोले जातात म्हनालात. मी नाय जात."

"मग आत जाऊ नकोस. बाहेर भिंतीवर मेन स्विच आहे, मोठा, काळा. तो खाली ओढ."

"मेन? हैबतराव साहेब माजी चामडी काढतील. लाखांचा यंत्र…"

"अकरावी!" अनीसाभाभींचा आवाज फाटला.

"नाथा," दिपिका म्हणाली, आणि आपला आवाज इतका हळू कसा निघतो आहे याचं तिलाच नवल वाटलं, "माझी पोर जातेय रे. ओढ."

पलीकडे रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. पावलं. मग काहीच नाही. दिपिकाच्या डोक्यात आकडे चालले होते. आठ… नऊ…

दूर कुठेतरी खटकन झालं.

"वढला बाई," नाथा परत येऊन म्हणाला. "आता बोला, पोरीला काय झाला?"

तिने फोन तसाच सोडला. पाळण्याशी अनीसाभाभी आणि कृष्णाबाई दोघी वाकून बसल्या होत्या. अकरावी ओळ पुरी झाली होती. त्या तिघी बसून राहिल्या. दहा सेकंद. वीस. एक मिनिट. बारावी ओळ आली नाही.

दिपिका तशीच धाटावला गेली. यंत्राची खोली उघडली, काचपट्टी काढली, चिकटपट्टी सोडवली. त्याच वेळी इकडे किमयाने मान वळवली आणि भोकाड पसरलं, हे तिला नंतर कळलं. संध्याकाळी सासू-सुनेने मिळून तो केस पुलावरून कुंडलिका नदीत सोडला. भरती उतरत होती. केस दिसेनासा होईपर्यंत कृष्णाबाई कठड्यावरून हलल्या नाहीत.

"आई, तुम्ही मला काहीच बोलला नाहीत."

"काय बोलू? बोलून तुजा शिक्षान ऱ्हायला असता का बाजूला?" मग जरा थांबून म्हणाल्या, "माज्या आयनंबी माजा येक ठेवला व्हता म्हनं. ठेवतात गो आया."

शुक्रवारी ती शिव्या खायच्या तयारीने कामावर गेली. अर्धवट चित्र, ओढलेला मेन स्विच, गुरुवारची न सांगता घेतलेली रजा. राजीनाम्याचा कागदही तिने मनात लिहून ठेवला होता. हैबतराव मात्र खुर्चीतून उठून उभे राहिले.

"मॅडम, मानलं तुम्हाला! हेड ऑफिसची माणसं खूश होऊन गेली. असं चित्र त्यांनी पाहिलेलं नाही."

"कुठलं चित्र, सर?"

त्यांनी छापलेला कागद पुढे केला. केसाचा काप, सालीपासून गाभ्यापर्यंत. रवा नाही, धूर नाही. कडा इतक्या स्पष्ट, जसा केस नखावर घेऊन बघावा. वरच्या ओळी चांगल्या होत्या आणि खालच्या त्याहून चांगल्या. दिपिकाने मोजल्या. वीस.

"सर, हे अकराव्या ओळीलाच थांबलं होतं. वीज तोडली होती."

"मग तुमच्या त्या नाथाने दुसरंच काहीतरी ओढलं असेल. फाईल पूर्ण आहे. हे बघा, वेळसुद्धा आहे."

कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलं होतं. सुरुवात, बारा मार्च, बारा पन्नास. ते बरोबर होतं. त्याखाली समाप्ती. पंधरा मार्च, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं.

त्या दिवशी तारीख होती चौदा.

"कंप्युटरचं घड्याळ गंडलं," हैबतराव म्हणाले. दिपिकाने पडद्यावरचं घड्याळ बघितलं. मग स्वतःच्या मनगटावरचं. दोन्ही एका मिनिटावर होती.

तिने कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार? यंत्राने उद्याची वेळ छापली आहे? आणि तेच खरं ठरलं तर आता बंद करायला कुठलाही स्विच उरला नव्हता. नऊ ओळी राहिल्या होत्या. दर ओळीला तीन मिनिटं वीस सेकंद. नऊ ओळींना अर्धा तास. म्हणजे तीन चाळीस. गणित तिचं चांगलं होतं, तेच वाईट होतं.

शनिवारी विशाल कामावर होता. कृष्णाबाई मागल्या अंगणात पापड वाळवत होत्या. लख्ख ऊन. साडेतीन वाजता दिपिका किमयाला मांडीवर घेऊन खिडकीशी बसली. पोर मजेत होती, बांगडी चावत होती. टाळूमागच्या अकरा ओळी सुकून तपकिरी झाल्या होत्या. त्यांच्या खालची जागा मोकळी, कोवळी, गुलाबी. ती जागा किती आहे हे दिपिकाला तंतोतंत माहीत होतं.

तीन चाळीस झाले. तिने आपला उजवा तळवा त्या जागेवर ठेवला आणि घट्ट धरला. दुसरं काही सुचलं नाही. सुचण्यासारखं होतंही काय?

टक, असा आवाज झाला का? घरात कुठे झाला, की तिच्या आत झाला? तिला काही दुखलं नाही. टोचलं नाही. हात जड होत गेला, मनगटापर्यंत बधिर झाला, एवढंच. किमया एकदा वर बघून हसली. बाहेर कृष्णाबाई कावळ्याला हाकलत होत्या. चार वाजले. चार पाच. तळव्याखाली पोरीची टाळू उडत होती, एकसारखी, गरम. चार दहा.

तिने आणखी पंधरा मिनिटं हात काढला नाही. मग काढला.

अकराच ओळी. खालची कातडी स्वच्छ, गुलाबी, एकही डाग नाही. दिपिकाला हसू फुटलं, मग रडू, मग दोन्ही एकदम. आपण किती मूर्ख आहोत, असं ती स्वतःला म्हणाली आणि डोळे पुसायला तिने उजवा हात वर केला.

तळव्यावर ओळी होत्या. पहिली लाल, खालची गर्द, त्याखालच्या काळ्या, सुईने खोल टोचावं तशा. तिने खिडकीच्या उजेडात हात धरून मोजल्या. नऊ. अकरा आणि नऊ, वीस. पोरीचं पुरं झालं होतं, आणि उरलेलं तिने घेतलं होतं. तिला इतकं हलकं वाटलं की ती ठिपके कौतुकाने एकेक करून मोजू लागली. वीस, वीस, वीस…

शेवटच्या ओळीत एकोणीस होते.

तिने पुन्हा मोजलं. सोमवारी कारखान्यात जाऊन चित्राच्या कागदावरही मोजलं. तिथे विसावी ओळ पुरी होती, आणि तिचा कोपऱ्यातला अखेरचा ठिपका, सगळ्यांत खोलातला, सगळ्यांत स्वच्छ होता.

तिने किमयाच्या कानांमागे बघितलं, मानेच्या घड्यांत बघितलं, तळपायांवर, बोटांच्या बेचक्यांत बघितलं. रोज अंघोळीच्या वेळी बघते. कृष्णाबाई म्हणतात, "काय शोधतंस गो सारका?" ती म्हणते, काही नाही.

फक्त एक गोष्ट तिला नंतर आठवली. चार दहाला, अगदी त्या क्षणाला, किमया खिडकीकडे बघत होती आणि तिने एकच डोळा मिटला होता. डावा.

डॉक्टरांनी बॅटरी लावून दोनदा तपासलं. "काही नाही हो," ते म्हणाले, "डोळा छान स्वच्छ आहे. इतका स्वच्छ, की पार आतपर्यंत दिसतंय."